आजीच्या भुवईवरचा व्रण एआयने पुसला

करीरोड

नमस्कार मंडळी. जुने फोटो एआयकडून दुरुस्त करून घेण्याबद्दल इथे सुटं सुटं बरंच बोलणं झालंय. माझ्या बाबतीत जे घडलं ते सविस्तर लिहायचंय आणि मदतही हवी आहे, म्हणून हा वेगळा धागा.

आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा, आमच्याकडे एकच फोटो आहे. १९५८ सालचा. लालबागला चाळीत तिची खाणावळ होती. कोकणातून गिरणीत आलेली, गाळ्यात पाठ टेकण्यापुरती जागा मिळालेली माणसं दोन वेळ तिच्याकडे जेवायची. दिवाळीत कुणीतरी कॅमेरावाला आणला आणि गॅलरीत सगळ्यांना उभं करून हा फोटो काढला. मध्ये पाटावर आजी, मागे खाणावळीचे सात मेंबर, कडेला परकरातली माझी आत्या. पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो. मधोमध आडवी घडी पडलीय, नेमकी आजीच्या कपाळावरून. उजवा कोपरा बुरशीने खाल्लाय. इतके पावसाळे ट्रंकेत काढल्यावर दुसरं काय होणार.

आत्याला ८१ वं सरलं. तिला हा फोटो मोठा करून द्यायचा होता. मोबाइलने फोटोचा फोटो काढला, एका एआय सहाय्यकाला दिला आणि लिहिलं, ‘हा जुना फोटो स्वच्छ आणि स्पष्ट करून दे.’ मिनिटभरात उत्तर आलं. घडी नाही, बुरशी नाही, डोळ्यांत चमक, लुगड्याचे काठ ठसठशीत. मला भरून आलं. १२ बाय १८ ची प्रिंट काढली, फ्रेम केली आणि रविवारी आत्याकडे गेले.

आत्याने चष्मा पदराला पुसला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ही कोण गो? ही आये न्हय माजी.”

मी म्हटलं, अगं फक्त साफ केलाय. तिने काचेवर बोट ठेवलं, उजव्या भुवईच्या टोकाशी. “हय भाजलेला तिका. स्टोव्हचो भडको उडालेलो.”

घरी येऊन मूळ फोटो भिंगाखाली धरला. घडीच्या जरा खाली, भुवईला चिकटून एक बारीक पांढरी रेघ आहे. आजवर मी तिला घडीचाच फाटा समजत होते. यंत्राने तेच केलं आणि रेघ भरून टाकली. मग एकेक दिसायला लागलं. कपाळावरची आडवी चिरी जाऊन गोल टिकली आलीय. कासोटा घातलेलं नऊवारी नेसून ती पाटावर बसलीय, नव्या फोटोत मांडीवर सहावारीच्या निऱ्या आहेत. मागच्या सातही जणांची नाकं एकमेकांच्या भावांसारखी दिसतात.

माझे प्रश्न: हे का होतं? चेहऱ्याला हात न लावता नुसती घडी भरून घेता येते का? आणि रंग भरून घ्यावेत का? जाणकारांनी कृपया लिहा.

पारिजात

वाचताना काटा आला. आमच्याकडेही आजोबांचा असाच ‘स्वच्छ’ झालेला फोटो देवघराशेजारी लावलाय. आता मूळ काढून बघते.

पिक्सेल

ताई, का होतं ते सांगतो.

आपल्याला वाटतं की यंत्र फोटोवर बसलेली धूळ पुसतंय. तसं नसतं. ही बहुतेक यंत्रं फोटो पुन्हा काढतात, पहिल्या ठिपक्यापासून. तुमचा फोटो ती आधी आपल्या आकड्यांच्या सांकेतिक रूपात आवळून घेतात आणि त्या आवळलेल्या नकाशावरून नवं चित्र उभं करतात. चित्र तयार होताना सुरुवात जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या गोंगाटापासून होते. पायरी पायरीने तो गोंगाट कमी केला जातो आणि प्रत्येक पायरीला यंत्र अंदाज करतं की इथे काय असण्याची शक्यता जास्त. नाकाच्या जागी नाक येतं, पण ते त्याने पाहिलेल्या असंख्य नाकांवरून काढलेलं असतं.

आता हिशेब बघा. २०२२ साली आलेल्या स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या एआयमध्ये ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं, चित्र ६४ बाय ६४ खणांत आवळलं जायचं, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा एक खण. आज तुमच्या सहाय्यकात नेमकं काय आहे ते कंपनीलाच ठाऊक, पण कल्पना येण्यापुरतं हे माप पुरे. पोस्टकार्ड फोटो साधारण १४० मिमी लांब. त्यात आजीचा चेहरा किती रुंद असेल? ८ मिमी धरू. फोटो १०२४ पिक्सेलवर आला तर चेहऱ्याच्या वाट्याला ५८ पिक्सेल येतात, म्हणजे जेमतेम ७ खण. दोन डोळे, नाक, नथ, चिरी आणि तो व्रण, सगळं सात खणांत. व्रणाला एक खणही पुरता मिळत नाही. मग उरलेली जागा यंत्र पदरच्या माहितीने भरतं.

म्हणून पहिली गोष्ट, मोबाइलने काढलेला फोटो वापरू नका, त्यात व्हॉट्सॲपवरून आलेला तर नकोच. सपाट काचेच्या स्कॅनरवर १२०० डीपीआयने, म्हणजे इंचाला १२०० ठिपके या मापाने, स्कॅन करा. तोच ८ मिमीचा चेहरा सुमारे ३७८ पिक्सेलचा होईल. दुसरी गोष्ट, अख्खा फोटो देऊ नका. ज्या भागात काम आहे तेवढाच तुकडा कापून द्या.

तांबडा दिवा

मी इथे फार लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील गिरगावात एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने. पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासून सुईसारखं करायचे, निगेटिव्हवर आधी औषधाचा पातळ हात द्यायचे म्हणजे शिसं धरतं, आणि मागून उजेड घेऊन ठिपका ठिपका भरत बसायचे. देवीचे वण, मुरमं, डोळ्यांखालची वर्तुळं. चेहरे तेव्हाही गुळगुळीत केले जात होते, गिऱ्हाइकालाच ते हवं असायचं. पण वडिलांची एक सवय होती. गिऱ्हाईक पावती करत असताना ते आतून बाहेर यायचे, चेहरा निरखायचे आणि विचारायचे, “तीळ ठेवायचा की काढायचा?” कुणाचा व्रण, कुणाचा पुढे आलेला दात, प्रत्येक गोष्ट विचारायचे. गिऱ्हाईक नुसतं ‘छान करा’ म्हणालं तर ते खूण तशीच ठेवायचे.

ताई, तुमच्या आजीच्या कपाळावर घडी होती आणि व्रणही होता. दोन्ही पांढऱ्या रेघा. एक कागदाची, एक माणसाची. हे सांगू शकणारी एकच व्यक्ती आज आहे, तुमच्या आत्या. त्यांना शेजारी बसवा आणि मूळ फोटो भिंगातून त्यांच्यासोबत बघा. काय भरायचं, कशाला हात लावायचा नाही, ते आधी कागदावर लिहून घ्या. यंत्र त्यानंतर उघडा.

रंगाचं विचारलंत म्हणून सांगतो. डार्करूममध्ये तांबडा दिवा चालतो, कारण छपाईच्या कागदाला तांबडा उजेड ‘दिसत’ नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचं तसंच होतं. तांबडा रंग तिच्यात जवळजवळ काळा उमटायचा. पन्नाशीच्या दशकातही अशा फिल्म वापरात होत्या. म्हणजे फोटोत गडद दिसणारं लुगडं काळं, निळं, हिरवं काहीही असेल, आणि लालभडकही असू शकेल. हे कळण्याचा फोटोत काही मार्ग नाही. यंत्र जो रंग देईल तो केवळ अंदाज.

शेवटी एक विनंती. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. दमट हवेत वरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला धरतो. ओढलात तर चेहराच काचेवर राहील. काचेसकट स्कॅन करा.

करीरोड

तांबडा दिवा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. ‘तीळ ठेवायचा की काढायचा’ हे वाचून दोन मिनिटं पुढे वाचवलं नाही. शनिवारी आत्याकडे भिंग घेऊन जाते.

चिंचपोकळीकर

मी थोडं वेगळं मांडतो, कुणी राग मानू नये.

माझे वडील १९८२ च्या संपात घरी बसले ते पुन्हा खात्यात गेले नाहीत. त्यांचा एकमेव फोटो गिरणीच्या पासावरचा. पासपोर्ट आकाराचा, आणि गालावर गोल शिक्का मारलेला. शिक्क्याची निळी शाई डाव्या डोळ्यापर्यंत गेलीय. लहानपणापासून मी वडिलांचा अर्धाच चेहरा बघत आलो. गेल्या वर्षी एआयने तो शिक्का काढून दिला. गाल त्याने मनाने भरलाय, हे मला कळतं. पण श्राद्धाला फोटोपुढे पान वाढताना आईला पहिल्यांदा दोन डोळे दिसले. ती म्हणाली, असेच होते. मला तेवढं पुरे आहे. सगळ्यांकडे विचारायला आत्या नसते.

तांबडा दिवा

दादा, यात राग कसला. तुमच्या आईने ‘असेच होते’ म्हटलं ना, मग ज्यांना विचारायचं त्यांना तुम्ही विचारलंच आहे.

एकच सांगतो. मूळ पास जपून ठेवा आणि स्कॅनची फाइल तशीच्या तशी वेगळी ठेवा. तिकीट नंबर आणि शिक्का असलेला तो पास गिरणी कामगारांसाठीच्या घराच्या अर्जाला पुरावा आहे. शिक्का काढलेला फोटो घरासाठी. कागदपत्रांच्या पाकिटात तो चुकूनही जाऊ देऊ नका.

चिंचपोकळीकर

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन्ही फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत. आज वेगळ्या करतो.

ओसरी

माझा अनुभव. काकांचा दादर टीटीला ट्रामच्या पायरीवर उभा असलेला फोटो होता. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्यामुळे फोटो त्याआधीचा हे नक्की. ट्रामच्या पाटीवरच्या नंबरावरून आणखी काही कळेल म्हणून एआयला ‘स्पष्ट कर’ म्हटलं. पाटी लखलखीत झाली, वाचायला गेले तर एकही अक्षर कुठल्याच लिपीतलं नाही. पुसट पाटीवरून भिंगाने निदान ‘दोन आकडी नंबर असावा’ इतकं कळत होतं. नव्या फोटोत तेही गेलं. तेव्हापासून मी पाट्या, तारखा, सह्या, नंबर प्लेट यांतलं काहीच यंत्राकडून वाचून घेत नाही.

दुसरं, फोटोची कडा फाटली होती म्हणून ‘बाजू वाढवून दे’ सांगितलं, तर मागे राजस्थानी झरोक्यासारखं काहीतरी आलं. आमच्या चाळींचे लाकडी कठडे, बाहेर वाळत घातलेली धोतरं त्याच्या ओळखीची दिसत नाहीत.

मंडळाचा कार्यकर्ता

धागा जुन्या फोटोंचा आहे, तरी विचारतो. यंदा अहवालाचं मुखपृष्ठ एआयकडून करायचंय. आरास, प्रकाश, सगळं सुंदर येतं, पण मराठी अक्षरं फुटतात. ‘विघ्नहर्ता’ लिहायला सांगितलं तर घ्न ला भलतीच शेपटी येते. छापल्यावर लोक काय म्हणतील?

पिक्सेल

अक्षरं त्याच्याकडून काढूनच घेऊ नका. चित्रात ‘वरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेव, कुठेही अक्षर नको’ असं सांगा आणि मजकूर नंतर आपल्या युनिकोड फाँटमध्ये टाइप करून वर बसवा. नवी यंत्रं छोटे शब्द बरे लिहितात, पण जोडाक्षर, रफार, वेलांटी एकत्र आली की भरवसा नाही. अक्षर त्याच्या दृष्टीने आकारच असतो आणि आपले जोडआकार फार. अहवालाचं मुद्रितशोधन करणाऱ्याला मुखपृष्ठही दाखवा.

तांबडा दिवा

आणि मूर्तीचा फोटो तुमच्या मंडळाच्या मूर्तीचा असेल तर मूर्तीला हात लावू नका, फक्त मागची जागा बदला. सोंडेचं वळण, हातातली आयुधं, डोळ्यांची आखणी ही मूर्तिकाराची असते. आखणीसाठी तो रात्र रात्र जागतो. अहवालात त्याचं नाव द्या.

मंडळाचा कार्यकर्ता

नाव दरवर्षी देतो. आखणीचं लक्षात ठेवतो. आभार.

पारिजात

एक काळजी मांडते. मागे सप्टेंबरमध्ये, २०२५ ला, सगळ्या मुली शिफॉनच्या साडीतले, मागे सोनेरी उजेड असलेले फोटो करून घेत होत्या. आमच्या सोसायटीतल्या नववीतल्या मुलीनेही केला. तो कुठल्या तरी भलत्याच नावाच्या ॲपवर होता आणि त्याने गॅलरीचा पूर्ण ताबा मागितला होता. गेलेल्या माणसांचे फोटो देताना आपण इतका विचार करतोय, घरातल्या मुलींचे देताना त्याहून जास्त करू या. नेहमीच्या सहाय्यकातही सेटिंगमध्ये जाऊन आपली चित्रं त्याच्या शिकवणीला वापरली जाऊ नयेत अशी सोय आहे का, ते एकदा बघून घ्या.

ओसरी

पारिजात, अगदी. वेगळा धागा काढाच यावर.

करीरोड

शनिवार-रविवार यातच गेला. सगळं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

फोटो १२०० डीपीआयने स्कॅन केला. करी रोडला झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर होता. दुकानदार जेपीजी देत होता, पण त्यात तपशील गळतो म्हणून मी टिफ फाइल मागून घेतली. आत्याला भिंग दिलं. पहिले दहा मिनिटं ती फक्त स्वतःकडे बघत होती. मग आजीकडे वळली. आम्ही यादी केली: घडी भरायची, बुरशीचा कोपरा भरायचा नाही (तिथे फक्त भिंत आहे, आत्या म्हणाली ऱ्हवांदे), आजीचा व्रण, चिरी, तुटलेल्या बांगडीची मोकळी जागा, कशालाच हात नाही. आत्याने सांगितलं म्हणून कळलं, आजीच्या डाव्या हातात एक बांगडी कमी आहे, कारण आदल्या दिवशी पाटा-वरवंट्यावर ती वाढवली होती.

मग घडीचा तेवढाच पट्टा कापला आणि लिहिलं, ‘फक्त मधली आडवी घडी भर. चेहरे, कपडे, भिंत यांतलं काहीही बदलू नकोस. भुवईजवळची बारीक पांढरी रेघ व्रणाची आहे, ती तशीच ठेव. जे पुसट आहे ते पुसटच राहू दे.’

पहिल्या वेळी व्रण राहिला पण डोळा मोठा झाला. त्यालाच ‘डोळा पूर्वीसारखा कर’ म्हटलं तर गाल बदलला. तिसऱ्यांदा सांगितलं तर चेहरा मेणासारखा दिसायला लागला. पिक्सेल यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिते. सुधारलेल्या चित्रावर पुन्हा सुधारणा मागायची नाही, कारण प्रत्येक फेरीत ते नव्याने काढलं जातं आणि मूळ दुरावत जातं. दर वेळी मूळ तुकडाच द्यायचा.

खरं काम त्यापुढचं. जिंप नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात मूळ स्कॅन खाली ठेवला, एआयचा पट्टा त्यावर तंतोतंत जुळवला आणि वरच्या थराला काळा मास्क दिला, म्हणजे तो सगळाच झाकला गेला. मग पांढऱ्या ब्रशने फक्त घडीच्या रेघेवरून फिरवलं. तेवढ्याच ठिकाणी एआयचं काम दिसतं, बाकी ठिपका न् ठिपका १९५८ चा. घडीच्या दोन्ही बाजूंना धरून जेमतेम दोन मिलिमीटर जागा यंत्राची आहे. भाचा शेजारी बसला होता, या सगळ्या कामाला अडीच तास लागले.

रंग भरले नाहीत. आत्याला विचारलं, लुगडं कुठल्या रंगाचं होतं? ती म्हणाली, दिवाळीचं म्हणजे हिरवं असणार. मग थांबली, म्हणाली, नाही, हिरवं तर माझ्या लग्नात आलं. मग मीच विषय सोडला.

प्रिंट या वेळी लहान काढली, ८ बाय १२. मोठी केली की धूसरपणा जास्त जाणवतो. आत्याने घेतली, भुवईवरून अंगठा फिरवला आणि काही बोलली नाही. संध्याकाळी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवत होती, “ही माजी आये.”

तांबडा दिवा

ताई, छान केलंत. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने लिहून ठेवा, कोणत्या साली दुरुस्त केला आणि नेमकं काय भरलं. बॉलपेनने नको, शाई पुढे येते. ५० वर्षांनी कुणी भिंग लावलं तर त्याला कळायला हवं.

आणि मेंबरांची नावं?

करीरोड

लिहून ठेवलंय, मूळ फोटोच्या मागे आणि नव्याच्याही मागे. नावं आत्याने एकेक करून सांगितली. कोण कुठल्या गावचा, कोण कुठल्या खात्यात, कोण रात्रपाळीला, कुणाला मासे चालत नसत. सहा जणांची मिळाली. डावीकडून पाचवा, टोपी हातात धरून उभा आहे, त्याचं नाव तिला आठवत नाही. बदली कामगार होता, दोनच महिने जेवायला होता, इतकंच म्हणाली. त्याचा चेहरा मूळ फोटोतच हललेला आहे. तो तसाच ठेवलाय.